जनुक जागं झालं म्हणजे झाड वाचलं का?

परवा रात्री मामाचा फोन आला. मामा लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा, हा त्याचा दरवर्षीचा क्रम. बियाणं आणायला दुकानात गेला, तिथे ट्रायकोडर्माचं पाकीट हातात पडलं. "काय गं," म्हणाला, "दुकानदार म्हणतोय, ही पावडर बियाला चोळली की झाडाची प्रतिकारशक्ती वाढती. तू तर त्याच्यातच पीएचडी करायलीस. खरं हाय का?"

मी चौथ्या वर्षाला आहे. हरभऱ्याची मुळं, ट्रायकोडर्मा नावाची उपयोगी बुरशी आणि झाडाची संरक्षक जनुकं (लॅबमध्ये आम्ही सरसकट 'डिफेन्स जीन्स' म्हणतो ती) हाच माझा विषय. तरीही मला 'हो' म्हणता आलं नाही. 'नाही'सुद्धा म्हणता आलं नाही. "रविवारी सांगते मामा," म्हणून फोन ठेवला. हा लेख म्हणजे त्या रविवारचा गृहपाठ समजा.

दुकानदाराचं वाक्य काही त्यानं मनानं बनवलेलं नाही. ते आमच्याकडूनच गेलंय. या विषयावरचे पेपर तुम्ही ओळीनं दहा वाचलेत तर त्यातल्या सहा-सातांचा साचा तुम्हाला पाठ होईल. कुंडीतली निर्जंतुक माती, बियाला बुरशी, मग १२, २४, ४८, ७२ तासांनी मुळं उपटायची, त्यातला आरएनए काढायचा आणि पाच-सात ठरलेली जनुकं मोजायची: पीआर-१, कायटिनेज, ग्लुकनेज, पेरॉक्सिडेज, पीएएल, लॉक्स. आलेखावर उंच खांब, खांबांवर तारे. शेवटच्या परिच्छेदात: ट्रायकोडर्मामुळे संरक्षक जनुकं वाढली, म्हणजे झाडात प्रतिकारक्षमता निर्माण झाली, म्हणून शेतकऱ्यांना याची शिफारस करता येईल. यात 'म्हणजे' आणि 'म्हणून' हे दोन शब्द जे ओझं उचलतात, ते त्यांना पेलत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या पहिल्या दोन वर्षांच्या कामालाही तितकीच लागू आहे.

आधी खांब म्हणजे काय ते बघू. क्यूपीसीआर नावाच्या यंत्रात प्रत्येक फेरीला डीएनए साधारण दुप्पट होतो. बुरशीवाल्या मुळातलं जनुक साध्या मुळातल्यापेक्षा एक फेरी आधी दिसलं, तर कागदावर आपण लिहितो 'दुप्पट'. पाच फेऱ्या आधी दिसलं तर बत्तीसपट. आता एक फेरी म्हणजे किती, हे ज्यानं रात्री नऊ वाजता ९६ खळग्यांची प्लेट भरली आहे त्याला विचारा. मायक्रोलिटरच्या पिपेटमध्ये एक बुडबुडा आला की अर्धी फेरी इकडची तिकडे होते. आणि बत्तीसपट ऐकायला दणदणीत असलं तरी, जे जनुक एरवी जवळजवळ गप्पच असतं त्याची बत्तीसपट म्हणजे कदाचित नुसती कुजबुज. आलेखावर मात्र कुजबुज आणि आरोळी सारख्याच उंचीची दिसते, कारण कंट्रोलला आपण एक धरलेलं असतं. त्यात हा मोजलेला आहे निरोप, म्हणजे आरएनए. निरोप निघाला म्हणून प्रथिन बनलंच, आणि बनलं ते रोगाला पुरून उरलंच, असं नसतं.

हे सगळं पुस्तकात असतं. मला ते खरं कळलं दुसऱ्या वर्षी.

माझा पहिला चांगला आलेख २४ तासांचा होता. पीएएल वर, कायटिनेज वर, पीआर-१ तर सुरेखच. मी तो फोनचा वॉलपेपर केला नाही इतकंच. गटाच्या बैठकीत दाखवला तेव्हा एका सीनियरनं विचारलं, "मेलेली बुरशी लावून बघितलीस का?" म्हणजे तीच पावडर, तीच मात्रा, पण आधी ऑटोक्लेव्हमध्ये उकडून पूर्ण मारलेली. नव्हतं बघितलं. मला तो प्रश्न उगाच खोडा घातल्यासारखा वाटला, हेही कबूल करते. महिनाभरानं केलं. २४ तासांना मेलेल्या बुरशीचा खांब जिवंत बुरशीच्या जवळपास खांद्याला खांदा लावून उभा होता. आणि ज्या कुंड्यांत नुसती टाल्क पावडर लावलेलं बी होतं, तिथेही एक-दोन जनुकं थोडी हललेली होती.

विचार केला तर यात आश्चर्य काही नाही. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं आणि झाडाकडे कायटिन ओळखणारे ग्राहक असतात. कायटिन दिसलं की झाड दचकतं; ते जिवंत बुरशीचं आहे की उकडलेल्या, मित्राचं की शत्रूचं, हे पहिल्या काही तासांत त्याला नीट ठरवता येत नाही. आणि नुसत्या हाताळण्यानंही झाडं दचकतात. १९९० सालचा जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांचा प्रसिद्ध पेपर आहे. ते अरबिडॉप्सिसवर वाढीची हार्मोन्स फवारून कोणती जनुकं जागी होतात ते बघत होते. जनुकं झाली जागी, पण ज्या झाडांवर नुसतं पाणी फवारलं होतं त्यांच्यातही तीच जागी झाली. पाऊस, वारा, स्पर्श, सगळ्यानं. कंट्रोलनं त्यांचा प्रयोग बिघडवला आणि त्यातूनच स्पर्शाची जनुकं सापडली. माझ्या कंट्रोलनं मला काही शोध लावून दिला नाही, फक्त सहा महिने खाल्ले.

पण त्या मेलेल्या बुरशीच्या खांबाचा अर्थ मामाच्या पाकिटापर्यंत जातो, म्हणून तो इथे सांगतेय. ट्रायकोडर्माच्या पाकिटात ग्राहक ज्याचे पैसे मोजतो ती वस्तू म्हणजे जिवंत बीजाणू. आपल्याकडे नोंदणीच्या नियमानुसार ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत बीजाणू लागतात, आणि तेवढे कारखान्यातून निघतानाच नाही तर वापरेपर्यंत असायला हवेत. पाकीट मे महिना पत्र्याच्या गोदामात काढून आलं असेल तर ते किती उरतात, याचा अंदाज तुम्हीच बांधा. आता समजा, मामानं मेलेलं पाकीट आणलं आणि त्याच्या हरभऱ्याची मुळं दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाठवली, तर मी जो आलेख काढेन त्यात संरक्षक जनुकं वर गेलेली दिसण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे हे माप ज्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं, त्याच गोष्टीला आंधळं आहे. जिवंत बुरशी मुळावर वाढते, आठवडेच्या आठवडे तिथे राहते, मुळाच्या वाढीबरोबर पुढे सरकते. मेलेली एक दिवस झाडाला दचकवून मातीला मिळते. २४ तासांच्या खांबात हा फरक दिसत नाही.

मग झाड मित्राविरुद्ध दचकतं कशाला? 'उपयोगी बुरशी' हे नाव आपण दिलेलं आहे. झाडाच्या दृष्टीनं ती घरात शिरू पाहणारी एक बुरशीच. ट्रायकोडर्मा मुळाच्या बाहेरच्या थरांत शिरते, पेशींच्या मधल्या जागेत राहते आणि तिथेच थांबते. थांबते की थांबवली जाते? २०१४ साली अरबिडॉप्सिसवरचं एक काम आलं. त्यात सॅलिसिलिक आम्ल पुरेसं बनवू न शकणारी 'सिड-२' ही झाडं घेतली होती. सॅलिसिलिक आम्ल म्हणजे झाडाच्या संरक्षणातला एक मुख्य निरोप्या, पीआर-१ त्याच्याच सांगण्यावरून चालतं. या झाडांच्या मुळात ट्रायकोडर्मा थांबली नाही. ती आतल्या वाहिन्यांपर्यंत गेली आणि झाडं कोसळली. म्हणजे आपली ही मैत्रीण, दाराची कडी लागली नाही तर, रोगच.

हे वाचल्यावर माझ्या खांबांकडे बघायची माझी नजरच बदलली. बुरशी लावल्यावर पहिल्या दिवशी पीआर-१ वर जातं तेव्हा झाड भविष्यातल्या मर रोगासाठी शस्त्रं परजतंय असं मी लिहीत होते. शक्यता अशी आहे की ते फक्त पाहुण्याला ओसरीवर बसवतंय. दोन्ही वेळी जनुक तेच, खांब तोच. भातात तर ओएस-सर्क-१ नावाचा एकच ग्राहक कायटिनच्या इशाऱ्यालाही लागतो आणि मायकोरायझा या मित्रबुरशीला आत घेण्यालाही लागतो. कडीही तोच आणि दरवाजाही तोच.

आणखी एक गोष्ट. संरक्षक जनुकं कायम वर असणं चांगलं, असं आपण गृहीत धरतो. १९९४ पासून 'सीपीआर-१' नावाची अरबिडॉप्सिसची झाडं माहीत आहेत, ज्यांच्यात पीआर जनुकं सतत चालूच असतात. ती झाडं रोगाला टिकतात खरी, पण खुरटी राहतात. चोवीस तास पहारा ठेवायचा तर शेतात काम कोण करणार? म्हणून उपयोगी बुरशीमुळे मिळणारं संरक्षण समजावताना आता 'प्रायमिंग' हा शब्द जास्त वापरतात: झाड आज फारसं काही करत नाही, पण उद्या खरा हल्ला आला की नेहमीपेक्षा लवकर आणि जोरात उठतं. हे खरं असेल तर हल्लाच न घडवता मोजलेले आमचे खांब चुकीच्या दिवशी घेतलेली हजेरी आहेत. रोगकारक बुरशी सोडून, त्यानंतरच्या तासांत, लावलेल्या आणि न लावलेल्या झाडांत किती फरक पडला हे बघायला हवं. साच्यातल्या पेपरांत अनेकदा हा भागच नसतो, आणि असला तर रोग एका कुंडीत मोजलेला असतो, जनुकं दुसऱ्या.

आता चांगलं काम कसं दिसतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी फक्त किरकिर करते.

ट्रायकोडर्मा व्हिरेन्स ही जात घ्या. टेक्सासमध्ये चार्ल्स हॉवेल आणि त्यांचे सहकारी कपाशीच्या रोपांवरच्या रायझोक्टोनिया रोगासाठी तिच्यावर वर्षानुवर्षं काम करत होते. तेव्हाची सरळ समजूत अशी होती की ही बुरशी शत्रूबुरशीला वेटोळे घालून खाते, किंवा विषारी द्रव्यं सोडून मारते. हॉवेलनी ज्यांना वेटोळे घालता येत नाहीत असे म्यूटंट काढले, ज्यांना ते प्रतिजैविक बनवता येत नाही असेही काढले. तरी रोपं वाचत होती. मग २००० सालच्या पेपरात त्यांनी कपाशीकडे मोर्चा वळवला. बुरशी लावलेल्या बियांच्या रोपांत, मुळांमध्ये, टर्पेनॉइड नावाची कपाशीची स्वतःची द्रव्यं वाढलेली होती. खोडाच्या खालच्या भागात वाढलेली नव्हती, फक्त मुळात. त्यातली दोन द्रव्यं रायझोक्टोनियाला चांगलीच जाचक निघाली, आणि आपली ट्रायकोडर्मा मात्र ती पचवून मुळावर आरामात वाढत होती. शेवटी त्यांनी निरनिराळे वाण एका रांगेत लावले: जो वाण मुळात जास्त टर्पेनॉइड उठवतो तो रोप जास्त वाचवतो.

या कामाचं मला कौतुक वाटतं ते जनुकांच्या यादीशिवाय त्यांनी साखळीची प्रत्येक कडी हातात धरून दाखवली म्हणून. द्रव्य वाढलं, ते कुठं वाढलं, त्यानं शत्रू खरंच अडतो का, मित्र का अडत नाही, आणि रोपं किती जगली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीवाल्यांनी हा पेपर मराठीत वाचायला हवा, असं मला फार वाटतं. कधीतरी करीन.

दुसरं उदाहरण मक्याचं. ही बुरशी एसएम-१ नावाचं एक छोटं प्रथिन सोडते. २००७ साली त्याचं जनुकच काढून टाकलेली ट्रायकोडर्मा बनवली. ती मुळावर तशीच वाढत होती, पण पानावर करपा आणणाऱ्या बुरशीपासूनचं संरक्षण गेलं, ट्रायकोडर्मा लावलीच नाही अशा झाडांइतकं खाली आलं. हा खरा पुरावा. काढून टाका आणि बघा काय उरतं. पण त्याच पेपरात एक जोडवाक्यही होतं: संरक्षणाबरोबर जास्मोनिक आम्ल बनवणारी जनुकं वर गेलेली दिसली. ते वाक्य पुढे इतक्या वेळा उद्धृत झालं की 'ट्रायकोडर्माचा निरोप जास्मोनिक आम्लामार्फत पानापर्यंत जातो' हे पाठ्यपुस्तकी सत्य झालं. मीही एका सेमिनारमध्ये बाण काढून दाखवलंय.

२०२० मध्ये 'प्लांट सेल'मध्ये त्याच मका-ट्रायकोडर्मा जोडीवरचा पेपर आला. त्यांनी बुरशी लावलेल्या झाडांच्या जलवाहिन्यांतला रस काढून दुसऱ्या झाडांना दिला आणि त्यात निरोप कोणता आहे हे शोधलं. जास्मोनिक आम्ल बनवूच न शकणाऱ्या मक्यातही संरक्षण शाबूत होतं. निरोप होता त्याच्या आधीच्या पायरीवरचा, ओपीडीए, आणि कोडा नावाचं आणखी एक द्रव्य. जास्मोनिक आम्लाची जनुकं तर या वेळी खाली गेलेली होती. तेरा वर्षं आम्ही सगळे ज्या खांबाकडे बोट दाखवत होतो तो या कामात नव्हताच! आणि त्याच पेपरातली माझी आवडती, थोडी भीतीदायक गोष्ट: लॉक्स-१० हे जनुक बिघडलेल्या मक्याला हीच बुरशी लावली तर पानं कमी नाही, जास्त रोगट झाली. कोणत्या वाणाच्या झाडाला ही मैत्री मानवेल हे झाडावरही ठरतं. हरभऱ्याच्या आपल्या वाणांमध्ये असा फरक असेल का? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, आणि त्याचं उत्तर एका २४ तासांच्या आलेखात नाही.

आता खाडीपलीकडे येऊ. मी नेरूळला राहते. हार्बरच्या लोकलनं वाशीचा पूल ओलांडताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. अणुभट्ट्यांच्या या शेजारी पिकांवरही काम चालतं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना खरं वाटत नाही. तिथल्या प्रसून मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्मा व्हिरेन्सवर गॅमा किरणं सोडून एक म्यूटंट मिळवला, नाव जी-२. तो व्हिरिडिन, व्हिरिडिऑल वगैरे द्रव्यं मूळ वाणाच्या दोन ते तीनपट बनवतो. त्यांनी ही बुरशी चिंचोक्यांवर वाढवली (चिंचोके! ही कल्पना कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार), टाल्कमध्ये मिसळून बीजप्रक्रियेची पावडर केली आणि तिला ट्रायकोबार्क नाव दिलं. २०१९ मध्ये 'फ्रंटियर्स इन मायक्रोबायॉलॉजी'त त्यांचा पेपर आला.

हा पेपर मी आमच्या विषयातल्या भारतीय कामांत फार वर ठेवते, आणि कारण त्यातली जनुकं नव्हे. लहान वाफे, शेतावरची प्रात्यक्षिकं, शेतकऱ्यांच्या रानातल्या मोठ्या चाचण्या, अनेक ठिकाणी, अनेक वर्षं, हरभरा आणि मसूर या दोन पिकांत, आणि काही चाचण्यांत बाजारातल्या इतर पावडरींशी तुलना. रोग मानकुजीचा, म्हणजे स्क्लेरोशियम रोल्फसी, जमिनीलगत रोपाच्या मानेला पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे आणणारी बुरशी. उगवण सुधारली, रोपं मरण्याचं प्रमाण घटलं, उत्पन्न वाढलं, फुलं सात ते दहा दिवस लवकर आली. सस्तन प्राणी, पक्षी, मासे यांच्यावर विषारीपणाच्या चाचण्या केल्या, त्यात अपाय दिसला नाही. मामाला हवं ते उत्तर या ओळींत आहे.

माझी टीका आहे ती पुढच्या ओळींवर, आणि खरं तर त्या ओळी आपण कशा वाचतो यावर. पेपरात ट्रान्स्क्रिप्टोम आहे, म्हणजे कोणती जनुकं किती चालू आहेत याची पूर्ण यादी, पण ती बुरशीची. म्यूटंटमध्ये दुय्यम द्रव्यांची जनुकं वाढली, शिवाय परजीवीपणा आणि झाडाशी संबंध यांत भाग घेत असावीत अशी जनुकंही वाढली. 'असावीत' हा शब्द लेखकांनी स्वतः जपून वापरलेला आहे. पण चर्चासत्रातल्या स्लाइडवर येईपर्यंत तो गळतो, आणि 'जी-२ हरभऱ्याची प्रतिकारशक्ती वाढवतो' एवढं उरतं. हरभऱ्याला काय वाटलं, हे त्या यादीवरून कळत नाही.

आणि इथे हॉवेलची आठवण येते. त्यांच्याकडे शस्त्र काढून घेतलेली बुरशी रोप वाचवत होती. ट्रॉम्बेला शस्त्र वाढवलेली बुरशी जास्त चांगलं वाचवते, निदान जास्त रोगाच्या दाबाखाली हरितगृहात मूळ वाणापेक्षा सरस ठरते. जात एकच. दोन्ही खरं असू शकतं, कारण पीक वेगळं, शत्रू वेगळा, आणि स्क्लेरोशियमसारख्या चिवट शत्रूला थेट मारावं लागत असेल. पण कदाचित जी-२ मध्ये जे वाढलंय त्यातलं काही हरभऱ्याला जागं करत असेल. यातलं कोणतं, हे कळणं नुसतं पंडिती नाही. मारणं द्रव्यानं होत असेल तर संरक्षण बियाभोवतीच्या मातीपुरतं आणि बुरशी तिथे असेपर्यंत राहील. झाड जागं होत असेल तर ते दूरवर पोचेल, पण मग वाणावाणानुसार बदलेल. शेतकऱ्यानं कोणत्या वाणाला, कोणत्या जमिनीत, किती भरवसा ठेवायचा, ते यावर ठरतं. शिवाय व्हिरिडिऑल झाडांनाही बाधतं, हे हॉवेल आणि स्टिपानोविच यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. जी-२ ते जास्त बनवतो आणि तरी शेतात झाडं जोमानं वाढतात. बियाला लागणारी मात्रा अल्प म्हणून असेल, आणखी कशानं असेल. मला हे कोडं पेपरातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडलं.

तुम्ही म्हणाल, मग हरभऱ्यातच हॉवेलसारखं काम का करत नाही? करतोय. अडचण अशी की अरबिडॉप्सिस किंवा मक्यासारखे हवं ते जनुक बिघडवलेले तयार म्यूटंट हरभऱ्यात हाताशी नाहीत. हरभऱ्याचा जीनोम २०१३ साली, हैदराबादच्या इक्रिसॅटच्या पुढाकारानं, वाचून झाला. साधारण २८ हजार जनुकं. यादी आहे, पण एकेक काढून बघायची सोय नाही. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं जातो: झाड तेच ठेवून बुरशी बदलायची. सध्या माझ्या रॅकवर सहा प्रकारच्या कुंड्या आहेत. जिवंत बुरशी, मेलेली बुरशी, नुसती टाल्क. आणि या तिन्हींमध्ये अर्ध्यांत स्क्लेरोशियम, अर्ध्यांत नाही. मूळ, मान आणि पान वेगवेगळं गोळा करायचं. आणि ज्या झाडातून आरएनए काढला त्याच कुंडीतल्या भावंडांचा रोग एकविसाव्या दिवशी मोजायचा. खांब कमी येतात, तारे तर फारच कमी. एका तालमीच्या सादरीकरणात "पण अपरेग्युलेशन कुठाय?" असं मला विचारलं गेलं. सकाळी साडेसहाच्या पनवेल लोकलमध्ये याची चांगली उत्तरं सुचतात, तिथे सुचली नाहीत.

तर रविवारी मामाला फोन केला. 'प्रायमिंग' वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, "पाकिटावरची तारीख काय आहे?" तो उठून बघून आला. मुदत बाकी होती. दुकानात ते कुठं ठेवलं होतं? "खिडकीपाशी, उन्हात." मग म्हटलं, दुसरीकडून आण. बियाला कार्बेन्डाझिम लावायचं ठरवलंस तर त्याच घमेल्यात ट्रायकोडर्मा कालवू नकोस, ते बुरशीनाशक आहे आणि आपली बुरशी त्याला फार नाजूक आहे, उगाच पैसे देऊन आणायची आणि घरी मारायची. सोयाबीनचा पाला रानात अर्धवट कुजलेला असेल तर मानकुज त्यावरच पोसते, ते आधी बघ.

"ते सगळं ठीक हाय," मामा म्हणाला, "पण प्रतिकारशक्ती वाढती का नाही?"

म्हटलं, "मामा, मधल्या चार ओळी पावडर न लावता पेर. खुणेला काठ्या रोव. महिन्यानं दोन्हीकडची मेलेली रोपं मोज आणि मला सांग."

"मोजायचं हाय तर मोजतो की," म्हणाला. "पण तुझ्या पीएचडीत माझं नाव टाकशील का?"

आभाराच्या पानावर टाकीन म्हणाले आहे. पेरणी दिवाळीनंतर.